विरजण

डुक्कर स्वच्छताप्रिय प्राणी आहे असं मी म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग मी खरंच बोलतेय का ते बघतो. मी खरंच बोलत असते. जागा पुरेशी असेल तर डुक्कर एका कोपऱ्यात झोपतं आणि मोकळं व्हायला समोरच्या कोपऱ्यात जातं. बहुतेक वेळा उठल्या उठल्या, खाणं पडायच्या आधी. त्यामुळे गेली एकवीस वर्षं माझ्या कामाची वेळ पहाटे साडेपाचची आहे. कुठल्या तरी पिगरीचं फाटक, हातात कोपरापर्यंतचा मोजा, खिशात निर्जंतुक डब्या, गाडीत बर्फ भरलेलं थर्माकोलचं खोकं. मी पशुवैद्यक आहे आणि डुकरांच्या आतड्यातल्या बुरशी बघते. ‘बुरशी’ म्हटल्यावर भाकरीवरची हिरवट लव डोळ्यांपुढे येते. आतड्यातली बुरशी बहुतेक तशी नसते. ती असते यीस्ट, म्हणजे ज्याने पाव फुगतो आणि ताडी आंबते त्या कुळातली, एका पेशीची, सूक्ष्मदर्शकाखाली साबुदाण्यासारखी दिसणारी.

हे काम मी ठरवून घेतलं नाही. २००४ साली पदव्युत्तर शिक्षण संपवून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रोगनिदान प्रयोगशाळेत लागले तेव्हा गायी-म्हशी ज्येष्ठांच्या वाट्याला होत्या, कोंबड्या मधल्यांच्या, आणि डुकरं कुणालाच नको होती. ती माझ्याकडे आली. आई म्हणाली, “दुसरं जनावरच मिळालं नाही का गं तुला?” भाड्याच्या खोलीच्या मालकीणबाई चांगल्या होत्या, पण मी कशाचे नमुने आणते हे कळल्यावर त्यांनी माझी स्कूटर आवाराबाहेर लावायला सांगितली. मला राग आला होता. नंतर लक्षात आलं की मी तर रात्री कपडे बदलून त्यातून सुटत होते. ज्या कैकाडी आणि वडार कुटुंबांच्या दारात मी जात होते, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेलाच जागा मिळाली होती. त्यांच्या डुकरांवर कुणी कधी अभ्यास केला नव्हता, कारण ती मुळात कुणाच्या हिशेबातच नव्हती.

पहिली मोठी चूक सांगते, कारण बाकी सगळं तिच्यातून निघालं.

साताऱ्याकडची एक पिगरी, चाळीसेक माद्या, सगळ्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर. मालक नवा, तरुण, कर्ज काढून उतरलेला. डिसेंबरात त्याने अठ्ठावीस दिवसांची पिल्लं आईपासून तोडली आणि चौथ्या दिवशी ती पाण्यासारखी हगायला लागली. मी गेले, विष्ठेचा थेंब काचपट्टीवर घेतला, वर निळा रंग टाकला आणि भिंगाखाली धरला. प्रत्येक क्षेत्रात अंडाकृती पेशी, कित्येकींच्या अंगावर कोंब फुटलेले. एवढं यीस्ट मी आधी पाहिलं नव्हतं. मी अहवालात लिहिलं, ‘यीस्टची लागण’, आणि बुरशीविरोधी औषध खाद्यातून द्यायला सांगितलं. मला वाटलं, मी काहीतरी शोधून काढलं.

तीन दिवसांत अकरा पिल्लं मेली.

आमचे ज्येष्ठ सर माझ्यासोबत तिथे आले. त्यांनी काचपट्टी पाहिलीसुद्धा नाही. विचारलं, “धडधाकट पिल्लांची विष्ठा पाहिलीस?” नव्हती पाहिली. पाहिली, तर तिच्यातही तेवढंच यीस्ट. किंबहुना जास्त. खरा गुन्हेगार होता ई. कोलाय, आणि त्याला दार उघडून दिलं होतं एकाच दिवशी केलेल्या चार गोष्टींनी: आई तुटली, शेड बदललं, तीन वेगवेगळ्या विणींची पिल्लं एकत्र कोंडली आणि दूध बंद होऊन थेट मक्या-सोयाचा भरडा सुरू झाला. वर साताऱ्याची डिसेंबरची रात्र आणि उघडी जाळी. यीस्ट त्या घरात नुकतंच राहायला आलेलं भाडेकरू होतं. चोरी झाली तेव्हा ते तिथे होतं, एवढाच त्याचा दोष.

तो मालक मला एक शब्द बोलला नाही. चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. पुढे दीड वर्षात त्याने पिगरी विकली. त्यात माझ्या अहवालाचा वाटा किती, हे मी कधी त्याला विचारलं नाही.

त्यानंतर मी धडधाकट जनावरं बघायची सवय लावून घेतली. आजारी एक तर धडधाकट दोन. आणि एक प्रश्न डोक्यात घर करून बसला: आई तुटल्यानंतर चार दिवसांत हे यीस्ट येतं कुठून? दूध पिणाऱ्या पिल्लांत ते नावाला असतं. सुट्या झालेल्या पिल्लांत गच्च.

उत्तर शोधायला मी प्रयोगशाळेत ते वाढवायला घेतलं आणि तिथे दुसऱ्यांदा फसले. बुरशीसाठी वापरतात ते साबुरो आगर, त्यात जिवाणू दाबायला क्लोरॅम्फेनिकॉल, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे इनक्युबेटर पंचवीस अंशांवर. भिंगाखाली यीस्टची गर्दी आणि थाळीवर मात्र चार-दोन ठिपके, तेही भलत्याच जातींचे. दोन वर्षं मी डबे बदलले, बर्फ वाढवला, मदतनिसाला बोलले, स्वतःच्या हाताला दोष दिला. एकदा उन्हाळ्यात वीज गेली आणि इनक्युबेटर पूर्ववत झालं तेव्हा कुणाच्या तरी हातून बटण सदतिसावर राहिलं. दोन दिवसांनी थाळ्या उघडल्या तर बारीक, मळकट पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या.

डुकराचं अंग एकोणचाळीस अंशांच्या आसपास असतं. ज्याला मी शोधत होते ते यीस्ट त्या उबेला सरावलेलं. थंडाव्यात ते कसंबसं वाढतं किंवा वाढतच नाही. मातीतल्या, झाडावरच्या बुरशीसाठी लिहिलेला नियम मी डुकराच्या पोटाला लावत होते. ज्या बुरशी फक्त वाटसरू म्हणून पोटातून जात होत्या त्या माझ्या थाळीवर नांदत होत्या आणि घरचा माणूस उपाशी मरत होता.

त्याचं नाव कझाकस्टानिया स्लूफिआय. नाव ऐकून कझाकस्तानातून आलंय असं वाटतं, पण डुकरांशी असलेला त्याचा संबंध युरोप-अमेरिकेतल्या पिगऱ्यांमधूनच पुढे आला. १९५० च्या दशकात लिस्बनमधल्या संशोधकांनी जनावरांच्या आतड्यांतली यीस्टं वेगळी काढली, तेव्हा त्याला कॅन्डिडाच्या घरात बसवलं होतं. २००५ मध्ये जनुकांचा ताळा लावून त्याला आताच्या घरात हलवलं. जर्मनीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या पद्धतीने ठेवलेल्या पिल्लांची यीस्टं शेजारी शेजारी मांडली होती. अमेरिकेत मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात पुढे याच यीस्टवर बरंच काम झालं, आणि दूध तुटल्यानंतर ते पिल्लाच्या आतड्यातल्या बुरशींमध्ये वरचढ होतं, हे त्यांच्याही मोजणीत आलं. ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. इनक्युबेटरचं बटण मी दोन वर्षं आधी फिरवलं असतं तर, वगैरे. असं प्रत्येकाला वाटतं.

२०१६ ला मला डेन्मार्कमध्ये दोन वर्षं काम करायची संधी मिळाली. साठ लाखांच्या आतबाहेर लोकवस्तीचा देश, आणि दरवर्षी तिथे जन्मणारी डुकरं त्याच्या कित्येक पट. मी पहिल्यांदा तिथल्या फार्मवर गेले तेव्हा मला आत सोडण्याआधी विचारलं, शेवटचं डुक्कर कधी हाताळलंत? मग अंघोळ, फार्मचे कपडे, फार्मचे बूट. लाल रेघेच्या अलीकडे आपलं जग, पलीकडे डुकरांचं. आत फटी असलेली काँक्रीटची जमीन, विष्ठा खाली पडून जाते, पाय कोरडे. खाद्य नळातून येतं. माती नाही, गवत नाही, उष्टं नाही, कावळा नाही. मी साताऱ्याच्या शेडमधून आलेली. मला ते रुग्णालय वाटलं.

आणि तिथल्या खाद्यात जस्त होतं. पिल्लं तोडल्यानंतर पहिले दोन आठवडे दर टनाला अडीच किलो जस्ताच्या हिशेबाने झिंक ऑक्साइड. हगवण थांबायची, म्हणून सगळे वापरायचे. डेन्मार्कने वाढीसाठी प्रतिजैविकं द्यायची पद्धत शतक संपता संपता सोडली होती, सगळ्या युरोपने २००६ च्या पहिल्या दिवशी. जस्ताने ती जागा धरून ठेवली होती. पण जस्त शेतात उतरतं, साचतं, आणि औषध न जुमानणाऱ्या जिवाणूंना पोसतं, म्हणून २०१७ मध्ये निर्णय झाला आणि जून २०२२ पासून युरोपात औषधी मात्रेतलं जस्त बंद झालं. मी तिथे होते तेव्हा बंदीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी सगळ्यांच्या बोलण्यात टांगलेली होती. जेवणाच्या टेबलावर एकच विषय: पुढे काय?

त्या काळात मी डीएनए काढायला शिकले. बुरशीची भिंत कायटिनची, चिवट. जिवाणूंसाठी केलेल्या पद्धतीने ती फुटत नाही आणि मग मोजणीत बुरशी नाहीच असं दिसतं. म्हणून नळीत बारीक मणी घालून यंत्रावर झटकायचं. ठर्र ठर्र आवाज, दगडी जात्यात वाळू पडल्यासारखा. मग आयटीएस नावाचा तुकडा वाचायचा. २०१२ मध्ये सगळ्या जगाने बुरशीची ओळखखूण म्हणून तो मान्य केला. यंत्रातून यादी बाहेर येते, शेकडो नावांची, आणि नवशिका माणूस हुरळून जातो. मी हुरळले होते. फ्युजेरियम! ॲस्परजिलस! गव्हावरची काणी! डुकराच्या पोटात केवढी वस्ती!

एका वयस्क डॅनिश तंत्रज्ञबाईंनी माझी यादी हातात घेतली, खाद्याच्या गोणीतला मूठभर चुरा आणला आणि म्हणाल्या, याचंही वाच. वाचलं. अर्धी यादी तिथेच होती. मेलेल्या बुरशीचा डीएनए गव्हाबरोबर तोंडातून आत आणि मागून बाहेर. वस्ती नव्हती, वरात होती. तेव्हापासून मी डुकराची डबी घेते तेव्हा खाद्याची एक, पाण्याची एक आणि जमिनीवरची एक डबी घेते. चार डब्या. गावाकडे लोक विचारतात, मॅडम, पाणीसुद्धा आजारी असतं का? मी सांगते, असू शकतं.

परत आल्यावर मी सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सीमेवर काम घेतलं. या निर्णयाचं घरी कुणाला नवल वाटलं नाही. माझ्याकडून अपेक्षाच तशी राहिलेली नव्हती. इथे डुक्कर घरचं जनावर आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सणाला सोरपोतेल हवंच, आणि आगोंदाचं काळं, थोराड नाकाचं गावठी डुक्कर तर देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत ‘आगोंद गोवन’ म्हणून जाऊन बसलंय. जुन्या घरांच्या मागच्या बाजूला डुकरांचं आणि संडासाचं जे जुनं नातं होतं त्याबद्दल इथले लोक अजून हळू आवाजात बोलतात. ते नातं तुटलं हे फार बरं झालं; फीतकृमीचं चक्र तिथेच फिरायचं. पण डुकरांच्या पोटातल्या बुरशीच्या दृष्टीने मला इथे जे सापडलं ते डेन्मार्कमध्ये सापडणं शक्य नव्हतं. इथे प्रत्येक घराचं खाणं वेगळं. पेज, भाताचा कोंडा, नारळाचा चव, हॉटेलचं उष्टं, बिअरच्या कारखान्यातला चोथा, मासळीची डोकी.

आणि मार्चपासून काजू.

सत्तरी तालुक्यात एक माय आहेत, वयानेही सत्तरीच्या घरातल्या. काजूच्या बोंडांचा रस काढून झाला की उरलेला चोथा त्यांच्या सहा डुकरांपुढे पडतो. तो ढिगात एक-दोन दिवस राहिला की आंबतो, वर माश्यांचा ढग, आणि वास असा की जवळ उभं राहिलं तरी डोकं हलकं होतं. एप्रिलमध्ये मी पहिले नमुने घेतले. थाळ्या उघडल्या तेव्हा प्रयोगशाळेत फेणीच्या भट्टीजवळ आल्यासारखं वाटलं. यीस्टच यीस्ट, पाच-सहा रंगांचं, गुलाबीसुद्धा. मी मायंना सांगितलं, तुमच्या डुकरांच्या पोटात भट्टी लागलीय. त्या म्हणाल्या, “कितें जालें गो बाय, तीं खोशीन आसात!” खरंच खुशीत होती. हगवण नाही, वजन बरं.

मग काजू संपला. शेवटचा चोथा पडल्यानंतर मी रोज गेले, सात दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी गुलाबी गेलं, मोठी चकचकीत पांढरी गेली, फेणीचा वास गेला. सदतीस अंशांच्या थाळीवर उरले तेच बारीक मळकट ठिपके, साताऱ्याचे. जुलैत पुन्हा गेले तेव्हा डुकरं चिखलात नाक खुपसून होती आणि थाळीवर काळ्या-करड्या केसाळ बुरशीचं रान. मातीबरोबर आलेलं. सहाच डुकरं, एकच घर. यावर कुणी निबंध लिहू नये आणि मीही लिहिला नाही. पण त्या सात दिवसांत वाटसरू आणि रहिवासी मला माझ्या डोळ्यांनी वेगळे होताना दिसले, आणि माझ्या सगळ्या नोकरीतले ते सर्वांत सुखाचे सात दिवस होते. रोज सकाळी माय वाफाळती पेज द्यायच्या. आधी डुकरांना, मग मला. भांडी वेगळी होती, असं मी धरून चालते.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण लोक दोन्हींचा घोळ घालतात. खाद्यावरची बुरशी आणि आतड्यातली बुरशी या दोन गोष्टी. कुडाळच्या बाजूला एका बाप-लेकांच्या पिगरीतून फोन आला. वडील म्हणाले, “डॉक्टरबाई, दोन महिन्यांच्या माद्या माजावर आल्यात. हे कधी होतं का?” होत नाही. मी जाऊन पाहिलं. इवल्या इवल्या माद्या, मागचा भाग लाल आणि सुजलेला. मी त्यांची विष्ठा घेतली नाही, थेट कोठारात गेले. पावसात छप्पर गळून मक्याची थप्पी खालून भिजली होती. वरच्या गोण्या छान, खालच्या गुलाबीसर आणि गरम. हात घातला तर चटका बसावा इतक्या. फ्युजेरियम मक्यावर जे विष सोडतं त्यातलं एक, झिअरॅलेनोन, शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. बुरशी मेली, मका वाळवला, पाखडला, तरी विष दाण्यात राहतं. मुलगा म्हणाला, धुऊन घालू का? मी नाही म्हटलं. चौतीस गोण्या खड्ड्यात गेल्या. त्या दिवशी वडील माझ्याशी बोलले नाहीत. महिन्याभराने फोन केला, माद्यांची सूज उतरली होती. तिथे आतड्यातल्या यीस्टशी कशाचाही संबंध नव्हता, पण पुढे कित्येक जण मला विचारायचे, पोटात बुरशी आहे म्हणता, मग विष होत असेल ना? मी त्यांना तो गुलाबी मका आणि ताकातली खवट साय, असं काहीबाही समजावत बसते. अजून नीट जमत नाही.

दुकानदारांचं मात्र जमतं. आमच्या भागात खाद्याच्या दुकानात प्रतिजैविकाची पुडी मागितली की मिळते, किंवा मिळायची. कोलिस्टिन तर पिल्लांच्या हगवणीवर सर्रास. २०१९ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मी ज्या पिगऱ्यांत पुडी दर आठवड्याला पडत होती तिथल्या थाळ्या आणि जिथे पडत नव्हती तिथल्या थाळ्या शेजारी ठेवल्या आहेत. पुडीवाल्यांकडे यीस्ट दाट. जिवाणू मेले की जागा आणि साखर मोकळी होते. प्रतिजैविक यीस्टला शिवत नाही. आता एक नवं निघालंय, जिवंत यीस्टच्या पुड्या, ‘पोटाचे मित्र’. विक्रेता दारात येतो, चांगला शर्ट, चकचकीत कागद. मी त्यांच्या विरोधात नाही. काही पुड्यांनी काही पिल्लांना फायदा झालेला मी पाहिला आहे. पण पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी तोडायची, त्याच दिवशी शेड बदलायचं, त्याच दिवशी खाद्य बदलायचं, थंडीत उघडं ठेवायचं आणि मग मित्र विकत आणायचा, यावर मी चिडते. दुकानात चिडले तर दुकानदार म्हणतो, मॅडम, तुम्ही सांगता ते फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

त्याचं म्हणणं बरोबर असावं. मी सांगते ते असं: आई हलवा, पिल्लं तिथेच ठेवा. भरडा दूध चालू असतानाच पंधराव्या दिवसापासून चाटायला द्या. विणी मिसळू नका. ज्यांनी एवढं केलं त्यांच्याकडेही ते यीस्ट येतंच, त्याच सुमाराला, त्याच संख्येने. म्हणजे यीस्ट थोपवणं हा मुद्दाच नव्हता. फरक एवढाच की त्याच्याबरोबर दुधावरचे लॅक्टोबॅसिलसही टिकून राहतात आणि दोघं एकमेकांना सांभाळून घेताना दिसतात. सांभाळून घेतात की नुसते शेजारी असतात हे मी थाळीवरून सांगू शकत नाही.

२०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि आमच्याकडे धाबं दणाणलं. त्याला लस नव्हती, औषध नव्हतं. सगळ्यांत मोठी भीती हॉटेलच्या उष्ट्याची, कारण त्यातून डुकराच्या मांसाचा तुकडा पुन्हा डुकरापुढे जाऊ शकतो. मी गावोगाव सांगत सुटले: उकळा. खदखदून, अर्धा तास, ढवळत. लोकांनी उकळायला घेतलं. लाकूड महाग, पण घेतलं.

मला वाटलं होतं, आता पोटातली यीस्टं पालटतील. उकळल्यावर सगळंच मरतं. काही घरांत पालटली. काही घरांत जराही नाही. असं का, ते शोधायला मी दोडामार्गच्या एका पिगरीत सबंध दिवस बसून राहिले. मालक पन्नाशीचे, पूर्वी गोव्यात हॉटेलात आचारी होते. पहाटे चार वाजता गोव्याहून टेम्पो येतो, उष्टं मोठ्या कढईत उकळतं, दुपारपर्यंत निवतं आणि मग निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये जातं. संध्याकाळी ड्रममधून बादलीने काढून डुकरांना. सगळं बरोबर. आणि मग मी पाहिलं की ड्रम रिकामा होत नाही. तळाशी चार बोटं जुनं ठेवलेलं असतं आणि त्यावर नवं ओततात.

मी खेकसले. हे धुवायचं, रोज, सोड्याने, खरवडून. त्यांनी निमूट धुतलं.

चौथ्या दिवशी फोन. “मॅडम, तळ खरवडून धुतलंय तेवापासून तोंड लावनत नाय. पोटा पण सुटलीत.” गेले. खरंच पातळ हगत होती, मोठीसुद्धा. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, सरावतील. ते थांबले, माझ्यासाठी. मग म्हणाले, “ह्यां इरजण आसा, मॅडम. आई भांडा कधी कोरडा करी नाय.”

त्यांची आई दह्याचं भांडं कधी कोरडं करत नसे. त्यांनी ड्रमला तोच न्याय लावला होता. मी प्रयोगशाळेतून काय सांगणार होते? की तळाच्या चार बोटांत मी भिंगाखाली पाहिलं तेव्हा यीस्ट आणि लांबट काड्यांसारखे जिवाणू खच्चून होते आणि आंबट वास दह्यासारखाच होता? की डेन्मार्कमध्ये यालाच आंबवलेलं पातळ खाद्य म्हणतात, आणि तिथेही टाकीत थोडं जुनं मागे ठेवतात? हे दोन्ही मला ठाऊक होतं. तरी मी धुवायला लावलं होतं, कारण साथीच्या दिवसांत मला माझ्या पुस्तकाचा आधार हवा होता. आणि अगदी चूकही नव्हतं ते. त्या चार बोटांत कुणी एकदा न उकळलेलं खरकटं टाकलं तर विरजणाबरोबर काय काय टिकेल याची हमी कोण देणार?

आम्ही दोघांनी मिळून एक तोडगा काढला. दोन ड्रम. कच्च्या उष्ट्याचा लाल, तो कढईच्या पलीकडे, त्याची बादलीसुद्धा लाल. उकळलेल्याचा निळा, त्याच्या तळाशी चार बोटं राहतात. दर अमावास्येला निळा धुवायचा आणि आधी एका किटलीत विरजण काढून ठेवायचं. अमावास्या त्यांनी ठरवली, लक्षात राहते म्हणून. किटली त्यांच्या स्वयंपाकघरात नको असं वहिनींनी सांगितलं. ती आता माझ्या गाडीच्या शेडमध्ये एका फळीवर असते, झाकणावर फडकं बांधलेली.

गेल्या अमावास्येला ते किटली घ्यायला आले तेव्हा मी त्यातलं चमचाभर काढून घेतलं. डुकरांच्या, ड्रमच्या, पाण्याच्या आणि किटलीच्या अशा आठ थाळ्या सदतिसावर लावल्या आहेत. इनक्युबेटरच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, कुणाचा हात लागू नये म्हणून. उद्या सकाळी उघडायच्या.